पेजेतलं पाणी

सकाळचे साडेदहा वाजलेत. डिचोलीतलं हे आमचं घर, आणि गोव्यात या वेळेला घरोघरी जे असतं तेच इथंही आहे, उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं. समोर बसलेत ते माझे बाबा, वय 78. हा व्हिडिओ गेल्या वर्षीचा आहे. ऐकलात ना तो ठसका? दोन घोट पेज की एक ठसका, असं आमच्याकडे कितीतरी महिने चाललं होतं आणि आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं, चालायचंच.

वयाबरोबर गिळणं जरा मंदावतं हे खरंय, पण रोज जेवताना ठसका लागत असेल तर तो वयाच्या खात्यावर टाकू नका, कारण शोधावंच लागतं.

घास घशात आला की जेमतेम एका सेकंदात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. यात जरा जरी उशीर झाला तरी घोट भलत्याच वाटेला जातो. आणि सगळ्यात पळपुटं असतं ते पाणी, घास निदान जिभेवर थांबतो, पाणी थांबत नाही. म्हणून तर मी पेजेवर अडून बसलेय. आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी पेज, तिच्याएवढं सोपं काही नाही असंच आपण धरून चालतो, पण तिच्यात पातळ पाणी आणि सुटी शितं एकत्र असतात, शितं चावून होईतो पाणी घशात उतरलेलं असतं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला हे असं मिश्रणच सगळ्यात अवघड जातं. हे आम्हाला सांगितलं स्पीच थेरपिस्टने, आणि बोलणं शिकवणारी माणसं गिळणंही तपासतात हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

बाबांच्या बाबतीत कारण निघालं पार्किन्सन्स, म्हणजे स्नायूंच्या हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. देवळातल्या भजनात त्यांचा आवाज बारीक झाला होता, जेवल्यावर तर घशात पाणी साचल्यासारखा घरघरायचा, तीसुद्धा खूणच होती, आम्ही ओळखली नाही.

दुसऱ्यांचं कारण वेगळं असू शकतं. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, सैल झालेली कवळी, काही औषधांमुळे कोरडं पडणारं तोंड. आणि घास घशातून नीट जातो पण मग छातीच्या मागे अडकतो असं कुणी म्हणालं तर तो प्रश्न अन्ननलिकेचा, कधी जुन्या अॅसिडिटीने ती आकसलेली असते, कधी तिथले स्नायूच नीट चालत नाहीत. आधी भाकरी अडकायला लागली, मग मऊ भात, आता पातळसुद्धा, आणि वजन उतरतंय, तर एक आठवडासुद्धा घालवू नका, एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून, कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं, तंबाखू-दारूची सवय असेल तर जास्तच.

तपासणीला घाबरण्यासारखं फारसं नाही. नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघतात, किंवा बेरियम, म्हणजे एक्सरेत उठून दिसणारी पावडर, मिसळलेला घास खायला देऊन गिळतानाचा एक्सरे व्हिडिओ काढतात. त्यात एक गोष्ट कळते जी घरी कधीच कळणार नाही, काही म्हाताऱ्या माणसांना श्वासनलिकेत घोट गेला तरी खोकलाच येत नाही. मग सारखा ताप, सारखा न्यूमोनिया, आणि घरच्यांना कळत नाही का ते.

उपचार कारणावर ठरतात. आकसलेली अन्ननलिका फुग्याने रुंद करता येते, अॅसिडिटीला गोळ्या आहेत, पक्षाघातानंतर व्यायामाने पुष्कळ जणांचं गिळणं सुधारतं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं ही युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. पाणी दाट करायची पावडर मिळते, तीही मनाने सुरू करू नका, दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस पाणी पिणंच कमी करतो आणि अंगातलं पाणी आटतं. आणि कृपा करून दात, जीभ, कवळी रोज दोनदा स्वच्छ करा, तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो.

एक गोष्ट मात्र तातडीची. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला तर लगेच 108 ला फोन करा. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी प्रेमाने पाण्याचा पेला पुढे करतंच. तो देऊ नका, गोळीसुद्धा नको, गिळणं तपासल्याशिवाय तोंडात काहीच नको.

आता हे आजचं शूटिंग. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढलेला असतो त्या वेळेतच बाबांना जेवायला बसवतो, पाठ सरळ, टीव्ही बंद, चमचा लहान. पेज शितं न ठेवता घोटलेली, थेरपिस्टने दाखवली तेवढीच दाट. बाबांना ती पसंत नाही, ही पेज कसली ही तर खळ, असं रोज म्हणतात, आणि लोणच्याचा खार बोटाने चाटून वाटी संपवतात. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, त्या वेळात पेपर मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकत असते, घरघर येतेय का ते.