चुन्याचे दोन हप्ते

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की आधी सूं-सूं आवाज येतो, मग वाफ, मग ढेकळं फुटून त्यांचा भुगा होतो. खाली जाळ नाही, तरी पाणी उकळतं. ही ऊर्जा त्या चुन्यात शिरली भट्टीत.

चुनखडी ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो तो कळीचा चुना. साध्या तापमानाला चुनखडी आपण होऊन अशी फुटत नाही. २५ अंशांचा हिशेब धरला, तर ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यामागे सुमारे १३१ किलोज्यूल मुक्त ऊर्जा घालावी लागते. मुक्त ऊर्जा म्हणजे जिच्याकडून काम करून घेता येईल ती ऊर्जा. तिचं गणित १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले जोसाया विलार्ड गिब्ज यांनी मांडलं. तापमान आणि दाब कायम असताना, ती घटत असेल तरच अभिक्रिया आपण होऊन पुढे सरकते.

भट्टीतलं हे कर्ज चुना दोन हप्त्यांत फेडतो. पाण्यात विरी जाताना, म्हणजे पाणी घेऊन त्याचा भुगा होताना, ५७ किलोज्यूल. नंतर भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना ७४. बेरीज बरोबर १३१! मला या बेरजेचं फार अप्रूप वाटतं.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. मोठा हप्ता दुसरा, आणि सावकाश फिटतो तोही दुसराच. पहिला काही मिनिटांत उरकतो. दुसऱ्याला जाड भिंतीत वर्षानुवर्षं लागतात. किती मुक्त ऊर्जा सुटणार, यावरून वेग कळत नाही. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. तो बारीक छिद्रांतून आत झिरपायचा, ओलाव्यात विरघळायचा, तेव्हा कुठे चुन्याशी त्याची गाठ पडायची. म्हणून तर चुन्याचा गिलावा पाणी मारून ओलसर ठेवतात.

आपल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याचे घाणे दिसतात: गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. तिथे मळलेला चुना तटाचे दगड धरून ठेवतो तो या संथ अभिक्रियेच्या बळावर.

चुन्याचं काम किती मुरलं, हे तपासायला त्याचा तुकडा फोडून ताज्या भागावर फेनॉल्फ्थॅलिन हा अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक शिंपडतात. रंग चढला नाही, तर तिथे चुनखडी झाली आहे. गडद गुलाबी झाला, तर तिथला दुसरा हप्ता अजून बाकी आहे.