पाट्यातला लाव्हा

(दृश्य: सकाळ. ठाण्याजवळचं कळवा. एक गाडी पारसिक बोगद्याकडे निघालेली.)

कळवा मागे पडलं की लांब पल्ल्याची गाडी पारसिकच्या डोंगरात शिरते. 2022 पर्यंत फास्ट लोकलही इथूनच जायच्या. 1916 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा. ज्या काळ्या दगडातून तो कोरला, तो दगड कधीकाळी लाव्हा होता, वाहत होता. या बोगद्यातून जाणाऱ्या किती जणांना हे शाळेत कुणी सांगितलं असेल?

याच डोंगराच्या पायथ्याशी एक मराठी शाळा आहे. तिथल्या तिसरीच्या मुलांना हे ठाऊक आहे.

(दृश्य: वर्ग. टेबलावर पाटा-वरवंटा.)

पाटा बाईंनी घरून आणलाय, तोही याच काळ्या दगडाचा. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या वहीत ठरलेलं चित्र यायचं, त्रिकोणी डोंगर आणि टोकावर आग. बाई चित्राआधी पाट्यावर हात ठेवायला लावतात. मग डोंगरावरून आणलेला एक फुटका दगड हातोहात फिरतो. त्याला भोकं आहेत. एक मुलगा काडेपेटीतली काडी घालून बघतो, गुल आत मावतो. शेजारच्या भोकात पांढरं काहीतरी चमकतं.

"बाई, साखर!"

"भोकं कुणी पाडली असतील?"

कुणी म्हणतं किड्यांनी, कुणी म्हणतं पावसानं. बाई विचारतात, "घरी पिठलं शिजताना बघितलंय ना?"

मग काय, सगळा वर्ग बोलू लागतो. खदखदतं. रटरटतं. फुटतं. हातावर उडतं, चटका बसतो. निवलं की वर पापुद्रा धरतो. बाई एकेक शब्द फळ्यावर लिहून घेतात. हा मराठीचा तास आहे, आणि विज्ञानाचाही. लाव्हा थिजताना आतला वायू बाहेर पडू पाहतो. जो अडकला, त्याची ही भोकं. पुढे झिरपत्या पाण्यातली खनिजं त्यांत साचली, त्यांचे स्फटिक झाले. मुलांनी ते चाटून बघू नये एवढ्यावर मात्र बाईंची करडी नजर असते.

सोडा आणि लिंबू घालून फसफसणारा ज्वालामुखी इथेही होतो. वायूचा जोर त्यातून छान कळतो. पण आपल्याकडे असा एकच सुळका फुटलेला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. म्हणून कार्यानुभवाच्या तासाला मुलं मातीचे थर एकावर एक थापतात, दोरा ओढून कापतात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराशी ताडून बघतात.

(दृश्य: मैदान. रांगेत चालणारी मुलं.)

साडेसहा कोटी वर्षं. हा लाव्हा सुमारे तेवढा जुना. हा आकडा तिसरीत शिकवतच नाहीत. पण 650 शिकवतात. एक पाऊल म्हणजे एक लाख वर्षं. मुलं मोठ्यानं मोजत मैदानाला फेऱ्या घालतात, पाय दुखायला लागतात. 647 ला बाई थांबवतात. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर आली ती इथे, शेवटच्या तीन पावलांत. मोजणारा आवाज एकदम खाली येतो. मला वाटतं, गणिताचा याहून खरा तास मी पाहिलेला नाही.

आणि मग तो प्रश्न येतोच. एक मुलगी हळूच विचारते, "बाई, आपला डोंगर परत फुटेल?" काल रात्री तिला झोप लागलेली नाही.

बाई तिला जवळ घेतात. वर्तमानपत्राचा कागद पाण्यानं ओला करतात, खाली स्केचपेन टेकवून धरतात. कागदावर लाल ठिपका उमटतो. "आता तू कागद ओढ. सावकाश." ठिपका कागदाबरोबर पुढे जातो, पेन मागेच राहतं.

आपली जमीनही अशीच उत्तरेकडे सरकत आली. खालच्या ज्या तप्त भागातून हा लाव्हा वर आला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं भूवैज्ञानिक मानतात. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा. मुलं नकाशावर आधी तो शोधतात आणि मग कळवा. बोटांनी मधलं अंतर मोजतात.

मुलगी ओला कागद जपून वहीत ठेवते. घरी धाकट्या भावाला दाखवायचाय. तोही रात्रभर जागाच होता.