दाराबाहेरची सही

माझे काका देवगडचे, आंब्याचे बागायतदार. चार वर्षांपूर्वी मुंबईला मुलाकडे गेले, तिथे तपासणीचं पॅकेज केलं. ट्रेडमिलवर कार्डिओग्राम जरा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढणं. छातीत दुखणं नाही, धाप नाही. वयाच्या 67व्या वर्षी कलमांची चढण चढणारा माणूस. काका टेबलावर असतानाच चुलतभावाला कॅथलॅबच्या, म्हणजे त्या तपासणीच्या खोलीच्या, दाराशी बोलावून पडद्यावरची अरुंद जागा दाखवली. "80 टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ. पाच मिनिटांत सांगा." त्याने मला फोन केला. मी स्वतः डॉक्टर, तरी म्हणालो, "कर सही." ती चूक माझी, आणि ती मला अजून टोचते.

आपल्याला वाटतं, रक्तवाहिनी म्हणजे पाट. गाळ साचला, काढला, पाणी वाहिलं. पण हार्ट अटॅक बहुधा तसा येत नाही. खाडीचा बांध आठवा. तो फुटतो कुठे? खेकड्यांनी आतून पोखरलेला असतो तिथे, आणि वरून ती जागा धडधाकट दिसते. रक्तवाहिनीतही पुष्कळदा थोडीशीच अरुंद झालेली, पण आतून मऊ चरबी साठलेली जागा फुटते, तिथे गुठळी होते. स्टेंट म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, ती एकाच जागेला आधार देते. सगळा बांध राखतात त्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या, रक्तदाब-साखरेवर ताबा आणि तंबाखू सोडणं.

हे माझं मत नव्हे. 2007 साली 'करेज' आणि 2019 साली 'इस्केमिया' या मोठ्या अभ्यासांत स्थिर, म्हणजे अटॅक चालू नसलेल्या, रुग्णांचे दोन गट केले. 'इस्केमिया'त भारतासह 37 देशांतले 5179 रुग्ण होते. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटातले मृत्यू, औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा कमी झाले नाहीत. वारंवार छाती दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त पडला. ज्यांना दुखतच नव्हतं, त्यांना तोही फायदा नाही. फेब्रुवारी 2017मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. पण गरज आहे का, हा प्रश्न किमतीने सुटत नाही.

इथे कृपा करून गैरसमज नको. छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात कळ आली, तर सोडा-लिंबू घेत बसू नका. जवळच्या रुग्णालयात कार्डिओग्राम काढा, त्यात तसा अटॅक दिसला आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घ्या आणि मग मोठ्या रुग्णालयासाठी घाट चढा. तेव्हा अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट टाकणं, जीव वाचवते. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा किंवा औषधांनीही न थांबणारं दुखणं, हेही वेगळं.

पण अटॅक नसेल तर वेळ असतो. अँजिओग्राफीच्या आधीच लिहून द्या, "आज फक्त तपासणी." सीडी मागून घ्या, कोल्हापूरला किंवा गोव्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. विचारा, "गोळ्यांवर राहिलो तर काय होईल?"

स्टेंटनंतर काकांना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागल्या, म्हणून हर्नियाचं ऑपरेशन पुढे गेलं. तो सगळा हंगाम ते पट्टा बांधून बागेत उभे होते. मला म्हणाले, "माका तर काय्येक होणा नव्हता रे." मला उत्तर देता आलं नाही.