भुकटीआधीची मुसळी

(दृश्य: सिमरोलचा घाट, जुलै. ओला साग, खाली उतरणारं धुकं.)

इंदूरच्या मराठी घरांत पांढरी मुसळी ही औषधी वनस्पती माहीत असते ती डब्यातल्या भुकटीच्या रूपात, नाहीतर किराण्याच्या दुकानातल्या वाळक्या मुळ्यांच्या. तिला पान असतं, फूल असतं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

त्यासाठी माळव्याचं पठार सोडून विंध्याच्या कडेला यावं लागतं. खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे जमीन नर्मदेच्या अंगाला उतरू लागते आणि साग, धावडा, टेंभुर्णीचं पानझडी रान सुरू होतं. माळव्याची काळी माती गहू-सोयाबीनला मानवते, मुसळीला नाही. तिथे पाणी साचलं की मांसल मुळ्या कुजतात. हिला उतार हवा, पाणी निथळून जाईल अशी भुसभुशीत जमीन हवी, वर कुजलेल्या पाचोळ्याचा थर आणि झाडांतून गाळून येणारं ऊन.

(दृश्य: पानांचा झुबका, अगदी जवळून.)

मृगाच्या सरी झाल्या की पानं वर येतात. लांबट, टोकाकडे निमुळती, किंचित बाक असलेली, थेट जमिनीतूनच. जुलैत मधून दांडा निघतो. त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं, बहुधा तीन-तीनच्या घोळक्यानं. मग तिधारी बोंडं, आत कांद्याच्या बियांसारखं चपटं काळं बी. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून गळतात, आणि पुढच्या पावसापर्यंत वर काहीच दिसत नाही.

शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. बोरिविली तीच, मुंबईची. गॅलरीत टांगलेला स्पायडर प्लांट हिचाच आफ्रिकेतला भाऊबंद.

(दृश्य: दोन रोपांच्या मुळ्या, शेजारी शेजारी.)

रानात हिच्यासारखीच दिसणारी दुसरी मुसळीही असते, क्लोरोफायटम ट्यूबरोसम. तिच्या मुळ्या आधी बारीक उतरतात आणि टोकाशी फुगतात. हिच्या मात्र, मुळ्या जिथून फुटतात त्या खोडाच्या चकतीपासूनच जाड. खात्रीची खूण अशी मातीखाली, म्हणजे ओळख पटवायलाही आधी उकरायचं!

आणि उकरणाऱ्यांची अडचण वेगळीच. शेतकरी पानं गळल्यावर मुळ्या जमिनीतच राखतो, साल काळपट झाली, मुळी पोसली की काढतो. त्याला वाफा ठाऊक असतो. जंगलात पान गेलं की ठिकाण गेलं, म्हणून तिथे पानं हिरवी असतानाच खणतात. मुळी कच्ची, बी अजून बोंडात. बियांची उगवणही मुळात कमीच. मध्य प्रदेशात आता मुसळीची शेती होते, नीमचच्या मंडीत माल येतो. तरी रानातली मुसळी अस्सल, हा समज काही गिऱ्हाईक सोडत नाही.

शेतकरी लावणीला बी फारसं वापरत नाही. डोळा असलेला चकतीचा तुकडा, त्याला एखाद-दुसरी मुळी, एवढ्यावर नवं रोप फुटतं. रानातही बी पडल्यावर चार मुळ्या तोडून डोळ्यासकट चकती मातीत परत दाबली, तर पुढच्या मृगात तिथेच पान येऊ शकतं.