कडू कंदाची भाकरी

[पहाट. तलावावर धुकं. किसणीचा खरखर आवाज.]

अजून पुरतं उजाडलेलं नाही. मधे मोकळं गोल मैदान आणि त्याच्याभोवती घरांचं कडं. घरं म्हणजे केवढी! गवतानं शाकारलेली, थेट जमिनीपर्यंत उतरलेली, आत चार-पाच बिऱ्हाडं सहज नांदतील अशी. त्यातल्या एका घराच्या मागच्या दारी तीन बायका कंद किसायला बसल्या आहेत.

हे ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातलं शिंगू नदीचं वरचं खोरं. कुइकुरो, कामायुरा, वाउजा, यावालापिती, कालापालो अशी कितीतरी माणसं इथं शेजारी शेजारी राहतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना एकमेकांची भाषा कळतही नाही, पण जेवण एक, सण एक, आणि देवाणघेवाणही ठरलेली. मातीची मोठी भांडी वाउजांची, धनुष्यं कामायुरांची, शिंपल्यांचे हार आणि पट्टे कुइकुरो-कालापालोंचे. ज्याची कला त्याच्याकडे राहते आणि त्यामुळेच प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारी जावं लागतं.

बायकांच्या हातातला कंद म्हणजे कसावा, तोही कडवा. हा कच्चा खाल्ला तर माणूस दगावू शकतो, कारण त्यात सायनाइड तयार होतं. त्या विषामुळेच किडी आणि जनावरं त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत, आणि हलक्या जमिनीतही पीक तगून राहतं. पण ते माणसाच्या पोटात जायचं, तर आधी विष काढायला हवं.

[किसलेला कंद, चटईवर पाणी, खाली रुंद भांडं.]

बघा कसं काढतात. साल काढायची, कंद किसायचा, कीस चटईवर घेऊन त्यावर पाणी ओतत तो चोळायचा आणि चटई वळून पिळायचा. चोथा वर राहतो, पाणी खाली जातं. ते भांड्यात निवळू द्यायचं, की तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. वरचं पाणी मात्र फेकायचं नाही. ते तासन् तास उकळत ठेवायचं. वाफेबरोबर विष उडून जातं आणि उरतं ते गोडसर पेय, म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळ्यांचं. खालचा चीक उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी साठवतात आणि मातीच्या थोराड तव्यावर त्याची भाकरी पसरतात. ती बेजू. त्यावर भाजलेला मासा.

हे पाणी किती वेळ उकळायचं, हे पहिल्यांदा कुणी ठरवलं असेल? किती पिढ्यांनी चाखून, चुकून, जीव धोक्यात घालून? निसर्गाच्या जवळ राहणं हे शब्द आपण फार सहज वापरतो. मला ते इथं, या चटईपाशी खरे वाटतात. जवळ राहायचं, तर कुठलं पान, कुठला कंद, कुठलं पाणी आपल्याला काय करू शकतं, हे हातांना माहीत असावं लागतं.

हा कंद आपल्याही घरात आहे. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो भारतात आला आणि आज तमिळनाडूच्या सेलम भागात त्याच्याच चिकापासून साबुदाणा बनतो. आषाढी एकादशीची खिचडी मुळात दक्षिण अमेरिकेतल्या मातीची. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा तिथल्याच तुपी भाषांमधून पोर्तुगीजांच्या तोंडी बसले आणि मग आपल्या. कामायुरांची भाषा त्याच कुळातली.

[घरामागचा उकिरडा. राख, माशांचे काटे, कंदाच्या साली.]

सालीही वाया जात नाहीत. घरामागे राख, माशांचे काटे आणि कंदाच्या साली टाकून टाकून जमीन काळीभोर होते. कुइकुरो तिला 'ईगेपे' म्हणतात. ही जमीन आपसूक होत नाही, ते ती जाणूनबुजून घडवतात, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याच परिसरात शेकडो वर्षांपूर्वीच्या मोठ्या वस्त्यांचे चर, रुंद रस्ते आणि मैदानं सापडली आहेत. म्हणजे ज्याला आपण माणसाचा हात न लागलेलं जंगल समजत होतो, त्यात यांच्या पूर्वजांची मेहनत मिसळलेली आहे. या लोकांना कुणी 'आदिम' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

[कोरडा ऋतू. मैदानात रंगवलेले ओंडके.]

पाऊस नसलेल्या महिन्यांत, साधारण ऑगस्टच्या सुमारास, कुआरुप होतो. गेलेल्या मान्यवरांना निरोप देण्याचा हा सोहळा. कामायुरांच्या कथेत निर्माता माव्हुत्सिनिम लाकडाच्या ओंडक्यांतून मेलेल्यांना पुन्हा जिवंत करायला निघतो, पण ते घडता घडता राहून जातं. तेव्हापासून मृत्यूला परतीची वाट नाही. आज मैदानात एकेका गेलेल्या माणसासाठी एकेक ओंडका उभा करतात, रंगवतात, सुती पट्टे गुंडाळतात, पिसांचा मुकुट चढवतात. रात्रभर घरची माणसं त्याच्याजवळ बसून रडतात. कुणी त्यांना आवर म्हणत नाही.

पाहुणी गावं बाहेर शेकोट्या पेटवून थांबलेली असतात. उजाडलं की हुका-हुका ही कुस्ती सुरू होते. अंगभर उरुकुमचा लाल आणि जेनिपापो फळाचा काळा रंग. हे उरुकुम म्हणजे आपली शेंद्री. दोन मल्ल गुडघ्यावर येतात, घुमणारा आवाज काढत भिडतात, आणि क्षणात एकाचा पाय दुसऱ्याच्या हातात असतो. रात्रीचं रडणं आणि सकाळची ही ताकद यांच्यामध्ये जेमतेम काही तासांचं अंतर. मग वयात आल्यावर कित्येक महिने घरात एकांतात राहिलेल्या मुली बाहेर येतात, डोळ्यांवर कपाळावरचे केस उतरलेले. लांबलचक उरुआ बासऱ्या वाजवत पुरुष घराघरांतून फिरतात, मुली त्यांच्या मागून.

2020 मध्ये महामारीमुळे हे सगळं थांबलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यावालापितींचे प्रमुख अरिताना कोविडनं गेले. यावालापिती भाषा बोलणारे मोजकेच उरले होते, ते त्यांतले एक. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी कुआरुप झाला. त्या मैदानात एका माणसाबरोबर एका भाषेसाठीही लोक रडले असतील, असं मला वाटतं.

[वरून दिसणारं जंगल. एका सरळ रेषेवर ते संपतं, पुढे सोयाबीन.]

शिंगूचा हा प्रदेश 1961 मध्ये राखीव झाला. व्हिलास-बोआस बंधूंनी त्यासाठी बरीच वर्षं झगडा दिला. सुमारे 26 हजार चौरस किलोमीटर जंगल त्यामुळे वाचलं. पण नदीचे उगम मात्र त्या रेषेबाहेर राहिले. आज तिथं सोयाबीन आहे, कुरणं आहेत, आणि वर शेतात जे फवारलं जातं ते पाण्याबरोबर खाली येतं. कंदातलं विष या बायकांना काढता येतं. नदीतलं कसं काढणार?

म्हणून बिया. 2007 पासून शिंगूचं बियाणे-जाळं काम करतं. शिंगूतल्याच इक्पेंग जमातीच्या बायकांच्या गटाचं नाव आहे यारांग, म्हणजे पानं वाहून नेणाऱ्या मुंग्या. त्या जंगलात फिरून बिया वेचतात, निवडतात, वाळवतात. अनेक जातींच्या बिया वाळूत मिसळून एकदम पेरायच्या, या पद्धतीला 'मुव्हुका' म्हणतात. उजाड झालेल्या ओढ्यांच्या काठी या बिया रुजतात, तिथं सावली येते, आणि पाणी पुन्हा सावलीतून वाहू लागतं.

[पुन्हा गाव. दुपार.]

पाहुण्यांना मासे आणि बेजू देऊन झाले. ओंडके तलावापर्यंत नेऊन पाण्यात सोडले. मैदान रिकामं झालं, मुलं तिथं लुटुपुटूची हुका-हुका खेळू लागली.

आता पावसाआधी नवं शेत तयार करायचं. कसावाला बी पेरावं लागत नाही. जुन्या झाडाच्या खोडाचे वीतभर तुकडे तोडायचे आणि मातीचा उंचवटा करून त्यात खोचायचे. एक माणूस मोळी खांद्यावर घेऊन निघाला आहे. त्याच्या मागे त्याची लहान मुलगी, तिच्याही हातात दोन काड्या.