शकुनातला पक्षी आणि अंदाजातली फेक

श्रोतेहो, आजच्या निमंत्रणपत्रिकेवर आपल्या रिवाजाप्रमाणे ‘यांच्या विद्यमाने’ असे छापले आहे. हीच पत्रिका इंग्रजीत निघाली असती, तर त्या जागी ‘ऑस्पिसेस’ हा शब्द आला असता आणि छापणाऱ्याच्या नकळत पत्रिकेवर एक पक्षी येऊन बसला असता. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. कोणतेही सार्वजनिक कार्य हाती घेण्यापूर्वी रोममध्ये पक्ष्यांचे उडणे, ओरडणे आणि टिपणे पाहून देवांची संमती आजमावली जाई, आणि हे पाहण्याचा अधिकार ज्याचा, त्याच्या छत्राखाली ते कार्य चाले. पक्ष्यांच्या लक्षणांचा अर्थ लावणाऱ्या पुरोहिताला ‘ऑगर’ म्हणत. फीत कापून होणाऱ्या ‘इनॉग्युरेशन’मध्ये तोच ऑगर दडलेला आहे. आपले ‘उद्घाटन’ बिचारे नुसते दार उघडते.

यावर आपण हसण्यात अर्थ नाही, कारण संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा मूळ अर्थ पक्षी असाच आहे. शकुंत पक्ष्यांनी सांभाळली म्हणून ती शकुंतला, असे महाभारतच सांगते. म्हणजे तिकडे पक्षी पाहण्याच्या क्रियेवरून शब्द घडला आणि इकडे खुद्द पक्ष्याचेच नाव भविष्याच्या चिन्हाला मिळाले.

या शब्दाचा अर्थ कोशात पाहण्यापेक्षा रामकुंडावर पाहावा. दहाव्या दिवशी पिंड मांडून नातलग चार पावले मागे सरकतात आणि सगळ्यांच्या नजरा झाडाकडे लागतात. कावळा उतरतो, पिंडाभोवती उड्या मारतो, पण शिवत नाही. मग घरातले कोणी वडीलधारे पुढे होऊन हात जोडतात आणि ‘धाकटीचं लग्न आम्ही नीट करून देऊ, तुम्ही काळजी करू नका’ असे मोठ्याने सांगतात. तरीही तो शिवला नाही आणि ऊन चढू लागले, तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. रोमन सैन्याबरोबर पवित्र कोंबड्यांचे पिंजरे असत, आणि त्या दाण्यांवर तुटून पडल्या तर लढाईस अनुकूलता मानली जाई. इसवी सनपूर्व २४९ मध्ये सिसिलीजवळच्या आरमारी लढाईपूर्वी कोंबड्या खाईनात, तेव्हा क्लॉडियस पल्चर या सेनानीने ‘खात नसतील तर पाणी पिऊ देत’ असे म्हणून त्यांना समुद्रात फेकून दिले आणि नंतर सपाटून मार खाल्ला, अशी कथा आहे. पुढे रोमन वक्ता आणि लेखक सिसरो याने तर कोंबड्या मुद्दाम उपाशी ठेवल्या जातात, अशी तक्रारच लिहून ठेवली. उपाशी कोंबडी आणि दर्भाचा कावळा यांत मला फारसे अंतर दिसत नाही, कारण चिन्ह देवाचे असले तरी माणसाला दुपारपर्यंत घरी पोहोचायचे असते.

इंग्रजीत अशुभसूचक ठरलेल्या ‘सिनिस्टर’बद्दल थोडेच सांगतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केवळ डावा. रोमन लोक पक्षी पाहताना डावी बाजू बहुधा शुभ मानत, तर ग्रीकांकडे नेमके उलट होते, आणि इंग्रजीत टिकला तो ग्रीकांचा कल. आपल्याकडे ‘डावलणे’ आहेच.

भाषांतर करताना खरी अडचण येते ती ‘फोरबोडिंग’ या शब्दापाशी. जुन्या इंग्रजीत ‘बोडा’ म्हणजे निरोप्या. निरोप्या दारात येऊन उभा आहे, पण त्याने अजून तोंड उघडलेले नाही, अशी ही मनाची अवस्था. कोशांत ‘अनिष्टाची पूर्वसूचना’ असा अर्थ सापडतो आणि तो मला मुळीच पटत नाही, कारण पूर्वसूचना वीज जाण्याआधी मिळते आणि तिच्यात वेळही दिलेली असते. मराठीत याला जवळचे आहे ते मनात पाल चुकचुकणे. आमच्या आजीच्या बोलण्याच्या मध्येच कधी तुळईआडून पाल चुकचुकली, की ती बोटाने जमिनीवर टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणे आणि पुढचे वाक्य अर्धेच सोडून देई. त्या अर्ध्या वाक्यात जे असे, तेच फोरबोडिंग. अलीकडे वर्तमानपत्रांनी ‘शंकेची पाल’ रूढ करून या चांगल्या पालीला नुसत्या संशयाच्या कामाला जुंपले आहे, हे जाता जाता नोंदवतो.

यापुढचा शब्द मात्र वेगळ्याच कुळातला आहे. डार्विन ज्या बीगल जहाजातून जगप्रवासाला गेला, त्याचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे इंग्लंडच्या हवामान कार्यालयाचा प्रमुख झाला. १८५९ च्या वादळात वेल्सच्या किनाऱ्यावर रॉयल चार्टर हे जहाज बुडून चारशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर त्याने तारेने येणाऱ्या नोंदींवरून वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभी केली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये त्याचे पहिले सार्वजनिक हवामानकथन छापून आले. हे भाकीत किंवा भविष्यवाणी नव्हे, असे बजावून त्याने त्यासाठी ‘फोरकास्ट’ हा शब्द योजला. ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. आता गंमत पाहा, आपला ‘अंदाज’ फारसीतून आला, आणि तिथेही ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणेच. तिरंदाज आणि गोलंदाज त्याच घरचे. शकुनात पक्षी बोलतो आणि माणूस ऐकतो. अंदाजात माणूस स्वतः नेम धरून फेकतो, त्यामुळे नेम चुकला तर जबाबदारीही त्याचीच असते. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीवरून पाऊसपाण्याचे जे सांगतात, त्याला ‘भाकीत’ म्हणणे योग्य आहे, पण पाऊस हुकल्यावर ‘हवामान खात्याचे भाकीत खोटे ठरले’ असा मथळा देणे ही शब्दाची चूक आहे.

हे मी निफाडच्या एका द्राक्ष बागाईतदारांना मे महिन्यात, त्यांच्याच बागेत उभा राहून, बऱ्याच तपशिलात समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, फोनवर आलेला पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मला वाचून दाखवला, फोन खिशात ठेवला आणि गड्याला हाक मारून विचारले, ‘काय रे, टिटवीनं यंदा अंडी उंचावर घातलीत, का खाली नदीत?’