दोन्ही विधाने खरी, मग विसंगती कुठे?

नमस्कार. इंदूरच्या भंवरकुआँ भागात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे गुण तर्कक्षमतेच्या ज्या प्रश्नांत विनाकारण जातात, त्या विसंगतीच्या प्रश्नांविषयी आज बोलायचे आहे. एक नमुना घेऊ.

‘एका शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची सक्ती झाल्यावर रस्ते स्वच्छ झाले, तरीही महापालिकेने उचललेल्या कचऱ्याचे वजन वाढले.’ वरवर न जुळणाऱ्या या दोन विधानांचा मेळ कोणत्या पर्यायाने बसतो, हे विचारलेले असते. पर्याय असे: नागरिक कमी कचरा करू लागले, लोकसंख्या तेवढीच राहिली, लोकांना दंडाची धास्ती बसली, पूर्वी बराच कचरा नाल्यांत आणि मोकळ्या भूखंडांवर पडून राहत असे.

सर्वांत जास्त मुले दंडाच्या पर्यायावर फसतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तो खरा वाटतो. पण त्याने रस्ते का स्वच्छ झाले एवढेच कळते, वजन का वाढले हे कळत नाही. पहिल्या पर्यायाने कोडे उलट अधिक अवघड होते. दुसऱ्याने लोकसंख्यावाढीचे कारणच बाद होते. चौथा मात्र दोन्ही विधानांना हात न लावता त्यांची सांगड घालतो: जो कचरा पूर्वी तोलकाट्यापर्यंत पोचतच नव्हता, तो आता गाडीत येतो, म्हणून रस्ताही स्वच्छ आणि वजनही जास्त. दिलेले विधान खोटे ठरवण्याचा मोह इथे कटाक्षाने टाळा; प्रश्नकर्त्याने ते सत्य म्हणूनच दिलेले असते.

टक्केवारी आली की अधिक सावध राहावे लागते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. पण विभागवार पाहिल्यावर बहुतेक विभागांत स्त्रियांची तशी पीछेहाट दिसेना. उलगडा असा, की ज्या विभागांत मुळातच थोड्यांना प्रवेश मिळे, तिथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने जास्त होते. यावर प्रश्न आला, तर ‘निवड करणारे प्राध्यापक निःपक्षपाती होते’ हा पर्याय दंडाच्या पर्यायाइतकाच फसवा ठरेल, कारण त्याने विभागांतले आकडे समजतात, पण ४४ आणि ३५ यांतले अंतर तसेच राहते.